एका पाळीत दहा गावांची माणसं: टीममधल्या कुरबुरी आणि 'आपण' याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कारखाने, दालमिल, केळीची पॅकहाऊस, शेतकरी कंपन्या आणि बचत गट इथे मी माणसांच्या आपसातल्या कुरबुरींवर बैठका घेतो. त्याआधी बरीच वर्षं पाळीचा सुपरवायझर होतो. म्हणजे भांडणं सोडवण्याचाच पगार घेत होतो, फक्त कागदावर उत्पादन लिहिलेलं असायचं. बैठक संपल्यावर चहा पिताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे उतरवून ठेवले आहेत. क्रम मुद्दाम लावलेला नाही.

आम्ही सगळे खान्देशीच आहोत. मग 'वेगळी संस्कृती' आली कुठून?

'खान्देशी' हे एका मोठ्या वाड्याचं नाव आहे आणि आत खोल्या बऱ्याच आहेत. धुळे, साक्री, अमळनेरकडे अहिराणी. यावल, रावेर, भुसावळच्या गावांत लेवा गणबोली. शहाद्याकडे घराघरांत गुजरी. सातपुड्यात भिल्ली, पावरी, मावची. शिवाय तडवी, बंजारा, उर्दू बोलणारी घरं, जळगावचे सिंधी आणि मारवाडी व्यापारी. भुसावळला रेल्वेमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यात अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले ऑपरेटर मिळवा.

गंमत अशी की ही सगळी मंडळी सुरतेला गेली की लिंबायत-उधन्यात एकदम 'खान्देशी' होतात. गावात ज्याच्या ओट्यावर पाय ठेवला नसता, त्याच्याच खोलीत तिथे सहा महिने काढतात. 'आम्ही' आणि 'ते' यांच्यातली रेघ माणसाच्या रक्तात नसते. तो कुठे उभा आहे आणि समोर कोण आहे, त्यावर ती सरकते. टीम बांधणाऱ्याला एवढी एक गोष्ट कळली तरी पुष्कळ काम होतं.

संस्कृती म्हणजे सण, कपडे, खाणं एवढंच ना?

ते दिसतं, म्हणून त्यावरून फारशी भांडणं होत नाहीत. भांडण होतं न दिसणाऱ्या गोष्टींवरून. नाही कसं म्हणायचं, कुणाला 'तू' म्हणायचं, मोठ्यांसमोर चूक दाखवायची की नाही, गप्प बसणं म्हणजे होकार की नाराजी. पुढचे दोन प्रश्न त्याबद्दलच आहेत.

आमच्याकडची माणसं तोंडावर 'हो' म्हणतात आणि काम करत नाहीत. हा अप्रामाणिकपणा नाही का?

पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने हे मला फार तळतळून विचारलं होतं. संध्याकाळी ट्रक लागणार होता. त्याने लोडिंगच्या मुकादमाला विचारलं, "माल भरून होईल ना?" मुकादम म्हणाला, "व्हई जाई." इंजिनिअर निर्धास्त होऊन निघून गेला. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी हलला.

अहिराणी मुलखात वाढलेल्या कुणालाही विचारा. नुसतं "व्हई जाई", पुढे वेळ नाही, माणसांची नावं नाहीत, तर त्याचा अर्थ 'तुमच्या तोंडावर नाही म्हणत नाही' असा असतो. होकार असता तर त्याने लगेच सांगितलं असतं की अमक्याला बोलावतो, आठपर्यंत हात मोकळे होतील. मुकादमाने त्याच्या मते नकार दिला होता, सभ्यपणे. ऐकणाऱ्याला तो ऐकू आला नाही.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये हा फरक मांडला. काही समाजांत सगळा अर्थ शब्दांत भरलेला असतो. काहींत निम्मा अर्थ प्रसंगात, नात्यात आणि बोलणाऱ्याच्या सुरात असतो. दोन्हींत खोटं कुणी बोलत नाही. घोळ होतो तो दोन्ही पद्धतींची माणसं एका टेबलावर आली की.

मी सुपरवायझरला सांगतो, 'होईल का?' हा प्रश्नच सोडून द्या. 'कशामुळे अडेल?' असं विचारा. अडचण सांगण्यात कुणाचा अपमान नाही, त्यामुळे खरं लगेच बाहेर येतं. आमच्या त्या मुकादमाला असं विचारलं असतं तर तो म्हणाला असता की तीन माणसं आज दशक्रियेला गेली आहेत.

नवीन पोरं सिनिअरला 'तू' म्हणतात. शिस्त कशी लावायची?

आधी पोरगं कुठलं आहे ते पाहा. अहिराणीत कित्येक घरांत बापालाही 'तू' म्हणतात आणि त्यात प्रेमच असतं. साक्रीकडचा एक ऑपरेटर नव्याने आलेल्या अकाउंटंटला सहज म्हणाला, "तू कव्हय उना, आबा?" (तू कधी आलास, आबा?) अकाउंटंट नाशिकचे. त्यांनी 'तू' ऐकलं आणि थेट मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली. मान त्या 'आबा'त होता, तो त्यांना ऐकूच आला नाही.

उलटंही घडतं. एका मॅडम सगळ्यांना 'आपण' म्हणायच्या. पॅकिंगच्या बायका महिनाभर समजत होत्या की मॅडम आपल्यावर चिडलेल्या आहेत, म्हणून इतकं तोलून बोलतात.

नियम करायचाच असेल तर असा करा: हाक कशी मारायची ते ज्याला हाक मारायची त्याने सांगायचं. पहिल्याच दिवशी. भाऊ, दादा, आबा, नाना, ताई, वहिनी, सर, नुसतं नाव, जे आवडेल ते. बाकी शिस्त हजेरीच्या यंत्रावर सोडा.

एचआरच्या ट्रेनिंगमध्ये देशांचे गुणांक दाखवले. भारताला 'सत्ता-अंतर' ७७. म्हणजे आमचे कामगार साहेबासमोर बोलणारच नाहीत, असं धरायचं का?

नाही. सत्ता-अंतर म्हणजे वरचा-खालचा हा फरक लोक किती मान्य करून चालतात. तो आकडा गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाच्या मोजणीतला आहे. तिचा पाया म्हणजे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या नोकरदारांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. दोन देशांच्या सरासरीची तुलना करायला तो बरा आहे. धडगावच्या पोराच्या कपाळावर चिकटवायला नाही. खुद्द हॉफस्टेडही सांगत आले की हे गुणांक देशांचे आहेत, व्यक्तींचे नाहीत. जळगावची सरासरी उंची माहीत आहे म्हणून कुणी समोरच्याचा शर्ट न मोजता शिवत नाही.

सणासुदीच्या रजांवरून दर वर्षी तंटा होतो. कुणाला द्यायची, कुणाला नाही?

हा प्रश्न येतो तेव्हा मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर मागवतो. त्यावर दिवाळी, गणपती, १५ ऑगस्ट ठळक असतात. पण खान्देशातल्या निम्म्या घरांचे मोठे दिवस त्यावर बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच.

आखाजी घ्या. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांची घागर भरली जाते आणि सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं) वर्ष त्या दिवशी बदलतं. त्या आठवड्यात पॅकिंगची लाईन रिकामी दिसली तर ते बेशिस्त म्हणून लिहू नका. श्रावणात कानबाई ही आमची देवी घरी येते. त्यासाठी सुरत-पुण्याला गेलेले भाऊ गावी परततात. सातपुड्यातल्या माणसांची होळी एका रात्रीची नसते. आठवडाभर आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, नवस असलेले लोक कितीतरी दिवस नेम पाळतात, आणि अक्कलकुव्याजवळच्या काठीची होळी पहाटे पेटते. तिथून परत येऊन सकाळच्या पाळीला उभं राहा, असं म्हणणाऱ्याने एकदा तो घाट चढून पाहावा.

आणि रमजान. महिनाभर उपाशीपोटी भट्टीजवळ उभा राहणारा माणूस इफ्तारच्या वेळी पंधरा मिनिटं मागतो, तेव्हा तीही 'सवलत' म्हणून नोंदवली जाते, हे मी पाहिलं आहे.

एका पाईपच्या कारखान्यात आम्ही हे केलं. जानेवारीतच प्रत्येकाने आपले वर्षातले तीन दिवस लिहून द्यायचे, 'हे चुकले तर घरचे मला माफ करणार नाहीत' असे. ते एका मोठ्या कागदावर लावले. मग दिसलं की ते फारसे एकमेकांवर येतच नाहीत. होळीच्या आठवड्यात पावरा मुलांच्या जागी यावलची मुलं उभी राहिली आणि कानबाईच्या रविवारी पावरा मुलं. ईदला दोघांनी मिळून पाळी ओढली. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, कारण हिशेब भिंतीवर होता. आधी हाच हिशेब मॅनेजरच्या मर्जीत असायचा आणि भांडण खरं तर त्या मर्जीवरून होतं.

कुणी सणाचा प्रसाद सगळ्यांना वाटतं, कुणी वाटत नाही. त्यावरून मनं दुखावतात.

कानबाईच्या रोटांवरून, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांवरून, असं घडलेलं मला माहीत आहे. एक बाई सोमवारी डब्यात रोट घेऊन आली आणि एकटीच बाजूला बसून जेवली. शेजारची बंजारा मैत्रीण चार दिवस बोलली नाही. तिला वाटलं, आपल्या हातचा स्पर्श नको म्हणून. खरं असं की बऱ्याच घरांत रोट फक्त भाऊबंदांतच खातात. ते सख्ख्या मैत्रिणीलाही देत नाहीत आणि शेजारच्या त्याच जातीच्या घरालाही नाही. हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते. पण आपलीच रीत कुणी समजावून सांगत नाही. आपल्याला ती रीत वाटतच नाही, ती 'असंच असतं' वाटते.

(डब्याबाबतीत एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. माळकरी किंवा महानुभाव माणूस मटणाच्या डब्याशेजारी बसत नसेल तर ती त्याची रीत. पण कुणाच्या डब्याला कोण शिवलं यावरून वाद होत असेल तर ती रीत नव्हे. त्याबद्दल पुढे येईल.)

आमच्याकडे सगळे एकाच समाजाचे, बहुतेक नात्यातले. तरी भांडणं सर्वांत जास्त. असं कसं?

मराठीत यासाठी 'भाऊबंदकी' असा शब्दच आहे. त्याचा एक अर्थ गोतावळा आणि दुसरा अर्थ भांडण. भाषेने फार पूर्वी ओळखून ठेवलं आहे.

एका दालमिलमध्ये दोन चुलतभाऊ एकाच यंत्रावर होते. यंत्र महिन्यातून दोनदा बंद पडायचं. मेंटेनन्सवाल्यांनी बेअरिंग बदललं, बेल्ट बदलला. शेवटी कळलं की गावी बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून दोघांच्या बापांत दावा सुरू होता आणि पोरं एकमेकांना यंत्राची खूण सांगत नव्हती. टीम एकजिनसी असली की शांत असते हा गैरसमज आहे. उलट तिथे जुनी देणी-घेणी सोबत कामावर येतात.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. तुम्हाला पॉल क्लेची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची, त्यावरून गट पाडले असं मुलांना सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले होते. मुलं एकाच शाळेतली, एकमेकांना ओळखणारी होती, पण आपल्या गटात कोण आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाकडे झुकतं माप दिलं. त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट ही, की आपल्याला एकूण कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळावं, असा पर्याय बरेच जण निवडत होते. बांधावरून वीतभर जमिनीसाठी एकरभर जमिनीचे पैसे वकिलाला दिलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

दोन तट पडलेत. त्यांना कसं मोडायचं?

आधी कागदावर चार रकाने काढा: गाव किंवा भाषा, पुरुष-बाई, खातं, पाळी. प्रत्येकाचं नाव भरा. चारही रकाने एकाच ठिकाणी तुटत असतील, म्हणजे मशीनवर सगळे परप्रांतीय पुरुष रात्रपाळीला, पॅकिंगमध्ये सगळ्या एकाच गावच्या बायका दिवसपाळीला आणि ऑफिसात सगळे जळगाव शहरातले, तर तट तुमच्याच मांडणीने पाडले आहेत. माणसांनी फक्त ते भरले. लाऊ आणि मर्निघन या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये अशा एकावर एक पडणाऱ्या रेघांना जमिनीतल्या भेगेची उपमा दिली. एरवी दिसत नाही, धक्का बसला की त्याच रेघेवर जमीन फाटते.

उपाय भाषणाने होत नाही. पॅकिंगच्या दोघी गुणवत्ता तपासणीत घ्या. रात्रपाळीचा एक जण दिवसाला आणा. एखादा माणूस एका रेघेच्या अलीकडे आणि दुसऱ्या रेघेच्या पलीकडे असला की दोन्हीकडचं बोलणं त्याच्यातून पाझरतं.

कंपनीने क्रिकेटचे सामने ठेवले तर एकी होते का?

संघ कसे पाडता त्यावर आहे. खातं विरुद्ध खातं किंवा गाव विरुद्ध गाव ठेवलंत, तर चषक देऊन भांडण विकत घ्याल. याचा चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. कुणी मिश्र संघात, कुणी एकाच जातीच्या संघात, आणि समोर कोण येणार तेही चिठ्ठीने. २०२१ मध्ये छापलेले निष्कर्ष असे: एका संघात खेळलेल्यांत जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोर खेळलेल्यांत असा संपर्क उलट घटत गेला. मैदान तेच, बॉल तोच.

आणि स्नेहभोजन?

केटरर बोलावून केलेलं असेल तर प्रत्येक जण आपापल्या गावकऱ्यांसोबत बसून जेवतो आणि घरी जातो. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमाच्या एका शिबिरात अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून आधी त्यांच्यात चुरस लावली. ती भांडणावर गेल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. ती जवळ आली कधी? शिबिराचं पाणी बंद पडलं आणि टाकीची वाट सगळ्यांनी मिळून मोकळी केली, रुतलेली गाडी एकत्र ओढली, तेव्हा. पुढच्या काळात या प्रयोगावर बरीच टीका झाली, कारण शिबिर चालवणारे स्वतःच काड्या लावत होते. ती टीका रास्त आहे. पण पाण्याची गोष्ट मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या खान्देशी माणसाला कुणी पटवून द्यायला नको.

म्हणून मी हिवाळ्यात भरीत पार्टी सुचवतो, पण भरीत आपणच करायचं. वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, ठेचायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या. जळगावकडचे लोक वांगं कोणतं यावर व्याख्यान देतात, धुळेकर त्यांना हसतात, धूर डोळ्यात जातो तो सगळ्यांच्या. शंभर माणसांचं भरीत एकट्याने होत नाही. मॅनेजरने फोटोपुरतं नव्हे, शेवटपर्यंत वांगी सोलावीत. काळे हात झालेल्या साहेबाशी दुसऱ्या दिवशी माणसं वेगळं बोलतात.

गेटच्या आत जात, गाव, बोली सगळं विसरायचं, असा नियम केला तर?

बऱ्याच मालकांना हे फार उदात्त वाटतं. मला नाही. विसरायला कोण सांगतो आणि कुणाला विसरावं लागतं ते पाहा. ज्याची बोली ऑफिसची बोली आहे त्याला काहीच विसरावं लागत नाही. 'केळी'ला 'केयी' म्हणणाऱ्याला तोंड मिटावं लागतं.

गार्टनर आणि डोव्हिडिओ या अभ्यासकांनी 'सामायिक ओळख' ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनीही हे स्पष्ट केलं की मोठी ओळख घेण्यासाठी धाकटी सोडावी लागत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही हे माहीत आहे. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, बाजारात मराठी, आणि 'कुठले?' विचारलं की 'भुसावळ'. त्याला एकही भाषा गेटवर ठेवावी लागली नाही.

मतभेद पूर्ण बंद करावेत का?

कामावरचे करू नका. घड कुठून कापायचा, पेटी कशी भरायची, यावर वाद व्हावा. कॅरेन जेन यांनी १९९५ पासून कामावरचा वाद आणि माणसावरचा वाद यांत फरक केला. अडचण एवढीच की पहिला फार लवकर दुसऱ्यात उतरतो. 'ही पेटी चुकीची भरली' आणि 'तुमच्या गावाकडचे असेच' यांत पाच सेकंदांचं अंतर असतं. दुसरं वाक्य आलं की मी बैठक तिथेच थांबवतो.

सातपुड्यातली मुलं बैठकीत बोलतच नाहीत. त्यांना आत्मविश्वास कमी का?

बैठक कोणत्या भाषेत घेता? पावरी बोलणाऱ्याला मराठी ही दुसरी भाषा, आणि तुमची बैठक मराठी-इंग्रजी मिसळीत. एकदा त्यांच्यापैकीच एकाला त्यांच्या भाषेत विषय मांडू द्या आणि तुम्ही गप्प बसून पाहा. आत्मविश्वास कुणाचा कमी होतो ते कळेल.

हे सगळे 'सांस्कृतिक फरक' म्हणून समजून घ्यायचे, की काही गोष्टी सरळ चूक असतात?

सरळ चूक असतात. पाण्याचा माठ वेगळा ठेवणं, जातीवरून हाक मारणं, झाडण्याचं काम ठरावीक आडनावांनाच देणं, बाईला अचकट बोलून 'आमच्याकडे गमतीत चालतं' म्हणणं. यावर संवाद शिबिर घेऊ नका. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांबाबत १९८९चा कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत २०१३चा आहे आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. जात पंचायतीने वाळीत टाकलं म्हणून सहकारी एखाद्याशी बोलत नसतील, तर त्यासाठीही महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. एका ठिकाणी वेगळ्या माठाची तक्रार 'टीममधला गैरसमज' म्हणून माझ्याकडे पाठवली होती. मी परत पाठवली. पुढचं काम मला मिळालं नाही, त्याला इलाज नव्हता.

भांडण खरंच संस्कृतीचं आहे हे ओळखायचं कसं?

सुपरवायझर असताना माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. डोंगराकडच्या गावांतली चार मुलं रोज वीस मिनिटं उशिरा यायची. सकाळच्या पाळीतले बाकीचे चिडायचे: 'यांना वेळेचं काही नाही, पहिल्यापासून असेच.' मीही मान डोलावली. वर त्या चौघांना बसवून वेळेचं महत्त्व सांगितलं, घड्याळ दाखवून. ती ऐकून घेऊन गेली, काही बोलली नाहीत. दोन महिन्यांनी मोटरसायकल पंक्चर झाली म्हणून मी एकदा त्यांच्या रस्त्यावरून एसटीने आलो. त्या रस्त्याला सकाळची एकच गाडी होती आणि ती फाट्यावर पाळी सुरू झाल्यावर पोचायची. फाट्यापासून गेटपर्यंत चौघं पळत यायची, रोज. मी पाळी अर्धा तास पुढे सरकवायला अर्ज दिला. तो मंजूर व्हायला सात महिने लागले.